मुलाला सिम रेसिंगमध्येच करिअर करायचे आहे. नाशिकमध्ये राहून हे कितपत शक्य आहे?

प्रश्न : इंदिरानगरची आई

नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेत शिकतो. गेली दोन वर्षे तो घरच्या संगणकाला स्टिअरिंग व्हील आणि पेडल जोडून मोटारशर्यती करतो, म्हणजेच सिम रेसिंग. सुरुवातीला आम्ही त्याकडे छंद म्हणूनच पाहिले. परीक्षा जवळ आली की व्हील काढून माळ्यावर ठेवायचे आणि शेवटचा पेपर झाला की पुन्हा टेबलाला आवळायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. यंदा दिवाळी झाल्यावर मात्र त्याने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले की त्याला ड्रायव्हर म्हणूनच पुढे जायचे आहे आणि त्यासाठी जेईईचा क्लास सोडण्याची त्याच्या मनाची तयारी झाली आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते आणि त्याचे वडील अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. आम्हा दोघांनाही या क्षेत्रातले काही कळत नाही, पण मुलाच्या मेहनतीबद्दल आमच्या मनात शंका नाही. युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात, आणि त्याच्या महत्त्वाच्या शर्यती त्याच वेळेला असतात. मी पाणी प्यायला उठते तेव्हा तो हेडफोन लावून एकाच वळणावर तीच गाडी पुन्हा पुन्हा नेत असतो. ब्रेक जोरात दाबला की चाकांची खुर्ची मागे सरकते, म्हणून त्याने खुर्चीची पाचही चाके जुन्या चपलांमध्ये अडकवून ठेवली आहेत. माझे मामा पहाटे रियाजाला बसत, तेव्हा एकच तान तासभर घोटत असत. मला त्यांची आठवण येते.

आमच्या मनातले प्रश्न असे आहेत. या क्षेत्रात पैसे नेमके कोण देते आणि ते किती वर्षे मिळतात? नात्यातल्या काही जणांचे म्हणणे आहे की नव्या कायद्याने ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत आणि हा जुगाराचाच प्रकार आहे. ते खरे आहे का? त्याला पंचेचाळीस हजारांचे नवे व्हील हवे आहे, ते घ्यावे का? आणि क्लास सोडू द्यावा का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी स्पष्ट सांगावे, ही विनंती.

उत्तर : गंगापूररोडकर

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर माझ्यापुरते अगदी स्पष्ट आहे. क्लास सोडू देऊ नका.

मी २०१८ ते २०२२ या काळात सिम रेसिंगच्या लीगमध्ये नियमित भाग घेतला आणि दोन संघांकडून शर्यती केल्या. त्या चार वर्षांत मिळालेल्या बक्षिसांतून माझ्या व्हीलचा, पेडलचा आणि सदस्यत्वाचा खर्च जेमतेम निघाला. एका स्पर्धेत मी दुसरा आलो, तर आयोजकांनी बक्षिसाची रक्कम सात महिने लांबवली आणि शेवटी निम्मीच दिली. प्रवेश घेताना अटी लेखी मागाव्यात हे तेव्हा मला सुचले नव्हते. तुमच्या मुलाने ती चूक करू नये. आज मी पुण्यात वाहन उद्योगातल्या एका कंपनीत चाचणीच्या गाड्यांचा टेलिमेट्री डेटा, म्हणजे वेग, ब्रेक वगैरेंच्या नोंदी, तपासण्याचे काम करतो. ही नोकरी मला सिम रेसिंगमुळे मिळाली हे जितके खरे आहे, तितकेच हातात इंजिनिअरिंगची पदवी नसती तर मुलाखतीला बोलावणेही आले नसते हेही खरे आहे.

पैसे कोण देते, हे सांगतो. शिखरावरच्या मोजक्या ड्रायव्हरांना संघ मानधन देतात. फॉर्म्युला वनची अधिकृत ई-स्पोर्ट्स (संगणकावरच्या स्पर्धात्मक खेळांची) मालिका २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२० व २०२१ मध्ये तिची एकूण बक्षीस रक्कम साडेसात लाख डॉलर होती. आकडा मोठा वाटतो, पण तो दहा संघांमध्ये गुणतालिकेनुसार विभागला जात असे आणि त्यानंतर ड्रायव्हरच्या हाती काय पडेल, हे त्याच्या करारावर अवलंबून असे. बाकीचे लोक नवशिक्यांना शिकवून, गाडीचे सेटअप (गाडीच्या जुळणीचे तयार आकडे) विकून किंवा शर्यतींचे थेट प्रक्षेपण करून उत्पन्न जोडतात. भारतात केवळ ड्रायव्हिंगवर घर चालवणारा माणूस माझ्या ओळखीत नाही.

आता ज्या उदाहरणांमुळे मुलांचे डोळे चमकतात, त्यांच्याविषयी लिहितो, कारण ती उदाहरणे खरी आहेत आणि त्यांच्याकडे नीट पाहिले पाहिजे. निस्सान आणि प्लेस्टेशन यांनी २००८ मध्ये जीटी अकॅडमी हा उपक्रम सुरू केला. ग्रान तुरिस्मो हा शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांतून त्यात खरे ड्रायव्हर निवडले जात. स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ त्याचा पहिला विजेता. २०११ चा विजेता यान मार्डनबरो दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसऱ्या क्रमांकावर आला. २०१७ मध्ये मॅक्लॅरेन या फॉर्म्युला वन संघाने घेतलेली सिम रेसिंगची स्पर्धा रूडी व्हॅन ब्यूरन या डच तरुणाने जिंकली. तोवर तो विक्री विभागात नोकरी करत होता, त्यानंतर मॅक्लॅरेनचा सिम्युलेटर ड्रायव्हर झाला आणि पुढे रेड बुलकडे गेला. तुर्कस्तानचा जेम बोलुकबाशी फॉर्म्युला वनच्या ई-स्पोर्ट्समधून निघून २०२२ मध्ये फॉर्म्युला वनच्या खालोखाल असलेल्या फॉर्म्युला टूपर्यंत पोहोचला. अमेरिकेत विल्यम बायरन आयरेसिंग या सिम रेसिंगच्या सॉफ्टवेअरवर गाडी चालवायला शिकला आणि त्याने २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे डेटोना ५०० ही तिथली मोठी शर्यत जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या एका शर्यतीत फॉर्म्युला वनचा विश्वविजेता राहिलेल्या मॅक्स व्हर्स्टापेनबरोबर फेरारी चालवून विजय मिळवणारा ख्रिस लुलहॅम हासुद्धा सिम रेसिंगमधूनच आलेला आहे.

ही यादी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यांतल्या कित्येकांनी लहानपणी कार्टिंग केलेले होते आणि पैसा संपल्यामुळे ते थांबले होते. सिममुळे त्यांना बंद पडलेल्या रस्त्यावर पुन्हा येता आले. व्हॅन ब्यूरनची गोष्ट हीच आहे आणि बोलुकबाशीनेही कार्टिंग केलेले होते. दुसरी गोष्ट अशी की ही दारे प्रायोजकांच्या जाहिरातीच्या खर्चातून उघडतात आणि तो खर्च थांबला की मिटतात. जीटी अकॅडमी २०१६ नंतर झालीच नाही. त्या वर्षी जे मूल सोळा वर्षांचे होते आणि रोज सराव करत होते, त्याचा त्यात काय दोष होता? एका दारावर सगळी भिस्त ठेवू नये असे मी म्हणतो ते यामुळे.

मुलाची कुवत ओळखायची असेल तर त्याची सर्वांत वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, विचारू नका. ती एकदा कोणालाही जमून जाते. त्याला एकाच गाडीने, एकाच ट्रॅकवर, सलग वीस लॅप मारायला सांगा आणि प्रत्येक लॅपला लागलेला वेळ कागदावर लिहून काढा. तुम्ही हिशेब पाहता, म्हणजे आकड्यांतली घसरण तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर दिसेल. वीसही लॅप दोन-तीन दशांश सेकंदांच्या आत राहत असतील, तर मुलाच्या हातात काही आहे. मग त्याला विचारा की सर्वांत मंद लॅपमध्ये वेळ कोणत्या वळणावर गेला आणि का गेला. त्याने मोटेक या टेलिमेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख उघडून बोट ठेवून दाखवले पाहिजे. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) जीटी३ या वर्गातली शर्यतीची गाडी १५० आणि १०० मीटरच्या फलकांच्या मध्ये ब्रेकवर येते. चांगल्या ड्रायव्हरच्या ब्रेकची रेष तिथे भिंतीसारखी सरळ वर चढते आणि मग गाडी वळत असताना सावकाश उतरत जाते, कारण ब्रेक हळूहळू सोडला तर पुढच्या टायरांवरचा भार टिकतो आणि गाडी आत वळते. नवशिक्याची रेष चढतानाच अडखळते आणि उतरताना एकदम कोसळते. हा फरक ज्याला दिसतो आणि शब्दांत सांगता येतो, त्याला संघात, कारखान्यात, सिम्युलेटरच्या खोलीत काम आहे.

तो आयरेसिंगवर असेल तर त्याचे आयरेटिंग आणि सेफ्टी रेटिंगही पाहा. आयरेटिंग निकालांवरून ठरते आणि अव्वल व्यावसायिकांचे आकडे आठ-दहा हजारांच्या घरात असतात. सेफ्टी रेटिंग तो इतरांबरोबर किती जबाबदारीने गाडी चालवतो यावरून ठरते. ट्रॅकबाहेर गेल्यास एक गुण, गाडीवरचा ताबा सुटल्यास दोन, जोरदार धडक बसल्यास चार, असे दोषगुण लागतात. संघासाठी ड्रायव्हर निवडताना मी स्वतः दुसरा आकडा आधी पाहत असे.

कायद्याबद्दल नातेवाइकांची समजूत बरोबर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा समावेश बहुक्रीडा स्पर्धांच्या कक्षेत केला आणि ते युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. स्पर्धेसाठी प्रवेश शुल्क आणि कामगिरीवर दिलेले बक्षीस त्यात बसते. पैज बसत नाही. कोणी निकालावर पैसे लावायला सांगितले, तर तिथून मुलाने तत्काळ बाहेर पडावे.

उत्तर : अंबडचा फॅब्रिकेटर

नमस्कार ताई. मी शर्यती करत नाही. माझे वर्कशॉप आहे आणि गेल्या तीन वर्षांत मी सिम रेसिंगचे, म्हणजे सीट, पेडल आणि व्हील बसवायचे, सात-आठ सांगाडे बनवून दिले आहेत. चपलांमध्ये अडकवलेल्या चाकांबद्दल वाचले आणि लिहावेसे वाटले, कारण पंचेचाळीस हजारांच्या व्हीलबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

व्हील आत्ता घेऊ नका. आधी बसायची जागा, मग ब्रेकचे पेडल आणि सर्वांत शेवटी व्हील, असा क्रम ठेवा. साध्या पेडलमध्ये पाय किती अंतर खाली गेला एवढेच मोजले जाते. लोडसेलच्या पेडलमध्ये पायाने किती जोर दिला ते मोजले जाते. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो त्याच जातीचा लोडसेल यात असतो. अंतरापेक्षा जोर माणसाच्या स्नायूंना चांगला लक्षात राहतो, म्हणून दरवेळी सारखा ब्रेक दाबायला या पेडलची मदत होते आणि वर दादांनी म्हटलेल्या वीस लॅप एकसारख्या येऊ लागतात. परंतु असे पेडल चाकांच्या खुर्चीसमोर ठेवून काही उपयोग नाही, कारण त्यावर चांगला जोर द्यावा लागतो आणि तुमची खुर्ची चपलांसकट मागे जाईल.

कारखान्यांच्या असेंब्ली लाइनला जे ४० बाय ८० चे ॲल्युमिनियम प्रोफाइल वापरतात, तेच बाहेरच्या देशांतल्या महागड्या सांगाड्यांना वापरलेले असते. ते आपल्याकडे मिळते, आणि उरलेले तुकडे घेतले तर स्वस्तात पडते. तेही नको असेल तर लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्डिंग करून घ्यावा. तो वजनाला जड होतो पण हलत नाही. सीट भंगारातल्या गाडीची चालते. पेडलची पट्टी मात्र जाड पत्र्याची घ्या आणि तिला खालून आडवा आधार द्या, कारण पहिला बाक तिथेच येतो. मुलाला बसवून त्याच्या मांडीची आणि पोटरीची लांबी घ्यावी लागते. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मापाशिवाय मी काम घेत नाही.

सतरा वर्षांचे मूल अजून उंची घेते, म्हणून सीटखाली सरकपट्टी ठेवू.

उत्तर : पंचवटीकर

दादांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मी तेवीस वर्षांची आहे आणि सध्या शर्यती करते. क्लास सोडू नये, हे खरे. पण म्हणून ड्रायव्हिंगला उरल्यासुरल्या वेळेची गोष्ट ठरवू नये. सतरा ते एकवीस या वयात हात आणि नजर जितकी लवकर तयार होते तितकी नंतर होत नाही, आणि हा काळ गेला की तो पुन्हा मिळत नाही. घरच्यांनी त्याला दोन वर्षांची मुदत द्यावी आणि त्या मुदतीत काय गाठायचे ते त्याच्याकडून लिहून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. माझ्या वडिलांनी हेच केले होते. तो कागद अजून आमच्या देवघराच्या खणात आहे.

देशासाठी खेळण्याची वाटही आता दिसू लागली आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ च्या ऑलिंपिक व्हर्च्युअल सिरीजमध्ये आणि २०२३ मध्ये सिंगापूरला झालेल्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स सप्ताहात ग्रान तुरिस्मोला स्थान दिले होते. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी जाहीर झालेल्या ई-स्पोर्ट्सच्या यादीतही ग्रान तुरिस्मो ७ आहे. म्हणून तो कोणत्या सॉफ्टवेअरवर सराव करतो, याचाही विचार करावा. आयरेसिंगचे वार्षिक सदस्यत्व मुळात ११० डॉलरचे आहे आणि पुढच्या गाड्या व ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने या दुसऱ्या गेमचा खर्च त्या मानाने बराच कमी आहे आणि लो फ्युएल मोटरस्पोर्ट या संकेतस्थळावर त्याच्या मानांकन असलेल्या शर्यती रोज चालतात. मी तिथेच शिकले.

खऱ्या गाडीची ओढ असेल, तर मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या कार्टिंग ट्रॅकवर त्याला महिन्याआड न्या. पाठीला बसणारा धक्का आणि जिवाची भीती सिममध्ये नसते, आणि तिथे तो शांत राहतो का हे एकदा पाहून घेणे चांगले. राष्ट्रीय सर्किट शर्यती प्रामुख्याने चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर होतात, म्हणजे तो खर्च फार मोठा आहे. तो इंजिनिअरिंगला गेला तर मात्र कॉलेजच्या संघातून फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी त्याच कोइमतूरच्या करी ट्रॅकवर स्वतः बनवलेली गाडी घेऊन जाता येते. या कारणासाठी तरी त्याने प्रवेश परीक्षा द्यावी, असे मी त्याला सांगेन.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट सांगते. जानेवारी २०२३ मध्ये ल माँच्या आभासी चोवीस तासांच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या व्हर्स्टापेनचा संपर्क तुटला आणि त्याच्या संघाची सगळी मेहनत वाया गेली. माझ्याबाबतीत गेल्या जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज गेली. संगणक यूपीएसवर होता, राउटर नव्हता. चार जणांच्या संघात माझी तिसरी पाळी होती, आणि वीज येईपर्यंत आमची गाडी चौथ्या क्रमांकावरून थेट शर्यतीबाहेर गेली होती. उरलेले तिघे मला काही बोलले नाहीत, पण मला अजून ते लागते. राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस घ्या आणि इंटरनेटची वायर भिंतीतून थेट संगणकाला जोडा. वायफायवर कोणतीही महत्त्वाची शर्यत करू देऊ नका. रात्रीच्या शर्यती आठवड्यातून दोनच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज असेल तर एकही नको. झोप कमी झाली की पहिल्यांदा ब्रेकचा अंदाज चुकतो, हे त्यालाही माहीत असेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : इंदिरानगरची आई

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. काल शनिवारी रात्री मी आणि हे, दोघेही त्याच्या खोलीत खुर्च्या घेऊन बसलो आणि त्याला वीस लॅप मारायला सांगितल्या. मी वेळा लिहून घेतल्या. पहिल्या अकरा लॅप अडीच दशांशांच्या आत आल्या. बाराव्या लॅपला तो आठ दशांशांनी मागे पडला आणि पुढच्या तीन लॅप तशाच गेल्या, मग पुन्हा सावरला. कारण विचारले तर त्याने आलेख उघडला आणि म्हणाला, "आई, बाराव्याला मी ब्रेक उशिरा सोडला, आत वळताना टायर घासले, आणि ते थंड होईपर्यंत पुढच्या लॅप गेल्या." यांनी चष्मा लावून ती रेष पाहिली. कारखान्यात मशीनच्या कंपनांचे आलेख ते रोज पाहतात. "हे तर आमच्यासारखेच काम आहे," असे ते म्हणाले आणि दोघे दीड वाजेपर्यंत बोलत बसले. मुलाबरोबर त्यांना इतका वेळ बोलताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहिले.

क्लास सुरू राहणार आहे. ते त्याने स्वतः मान्य केले, आणि फॉर्म्युला भारतचे नाव त्याला आधीच ठाऊक होते हे आम्हाला कालच कळले. दोन वर्षांचा कागद बारावीच्या निकालानंतर लिहायचा ठरले आहे. तोवर नवे व्हील घ्यायचे नाही. त्या पैशांतून सांगाडा, लोडसेलचे पेडल आणि राउटरचा यूपीएस, एवढेच घ्यायचे.

पंचवटीच्या ताईंना एक विनंती आहे. तुमच्या वडिलांनी लिहून घेतलेल्या त्या कागदावर कोणकोणत्या गोष्टी होत्या, हे सांगता आले तर आम्हाला फार मदत होईल. आणि अंबडच्या दादांना विचारायचे आहे की येत्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मुलाला घेऊन आलो तर चालेल का. त्याच्या मांडीचे आणि पोटरीचे माप यांनी टेपने घेतले आहे, पण तुम्ही स्वतः बसवून पाहिलेले बरे.